गहाण शेळीचं दूध

१४ नोव्हेंबर १९५६, बुधवार

लिहायला उशीर झाला, रागावू नकोस. तू गाडीत बसलीस त्याच दिवसापासून लिहायचं ठरलं होतं. पण आधी दौत सापडेना. ती तू लोणच्याच्या बरणीमागे ठेवली होतीस, का ते तुलाच ठाऊक. सापडली तर शाई वाळलेली. नवी शाई आणायला गेलो तेवढ्यात चुलीवरचा भात करपला, आणि पुढचे दिवस ते भांडं घासण्यात गेले. ते दिवस लिहिण्यासारखे नव्हते.

तू काचीगुडा स्टेशनवर काय म्हणालीस ते मी विसरलेलो नाही. ‘महिनाभर एकटे राहून दाखवा. काय खाल्लं, काय केलं, कोणाशी बोललात, सगळं खरं लिहून ठेवा. जमलं असं मला वाटलं तर मी परत येते, आपण दोघं बरकतपुऱ्यातच राहू. नाही जमलं तर तुम्ही मुकाट्यानं औरंगाबादेला यायचं, आणि आल्यावर तिथल्या पाण्याला नावं ठेवायची नाहीत.’ आपल्या मुकुंदानं मान डोलावली. त्याला काय, राज्याचे तुकडे झाले, त्याचं दप्तर मुंबईच्या वाट्याला गेलं, दप्तरामागे त्याची खुर्ची गेली, खुर्चीमागे तो आणि सूनबाई. ‘आता तुमचं तिथं आहे कोण?’ असंही तू विचारलंस. तेवढ्यात गाडी सुटली.

हे लिहिताना आत्ता लक्षात आलं की तुला वाचता येत नाही. म्हणजे हे सूनबाई वाचून दाखवणार. इंदू, जिथं मी ‘खासगी’ असं लिहीन ती ओळ तू वाचू नकोस. न वाचता सासूबाईंच्या कानात सांग.

खासगी: घरात भांड्यांचा आवाज फार घुमतो. तू असताना घुमत नव्हता.

इंदूला माझं काम नीट माहीत नाही म्हणून थोडं लिहितो. गल्लीच्या टोकाला मशिदीमागे आमची अंजुमन आहे. गरजूला बिनसुदी कर्ज देते. मुसलमानांच्या धर्मात सूद घेणं मोठं पाप आहे, म्हणून जेवढं दिलं तेवढंच परत घ्यायचं, वर काही नाही. कोणत्याही जातीधर्माचा माणूस आला तरी चालतो, फक्त काहीतरी गहाण ठेवावं लागतं. त्या गहाणखोलीचा मी राखणदार. नियम असा की गहाण वस्तू कोणी वापरायची नाही, कारण फुकटचा वापर म्हणजे मागच्या दारानं घेतलेला सूद. म्हणून आमच्याकडे सायकल छताला उलटी टांगलेली आहे, वाजवायच्या पेटीला दोरी गुंडाळलेली आहे आणि सगळी घड्याळं बंद आहेत, कारण चावी दिली तर आम्ही त्यात वेळ बघू. मागे एकदा मी गहाण खुर्चीवर बसून वहाणेचा अंगठा नीट केला होता. त्याची चिंता मला अजून आहे.

आज खाल्लं: भात, तिखट, भात.

१७ नोव्हेंबर, शनिवार

आज अंजुमनीत शेळी आली.

सत्यवती म्हणून एक तेलंगी बाई आहे, चमन बागेच्या कोपऱ्यावर फुलं विकते. तिचा नवरा मल्लय्या दुसऱ्याची सायकल रिक्षा भाड्यानं चालवतो आणि अर्धी कमाई रिक्षाच्या मालकाला देऊन बसतो. दोघांना स्वतःची रिक्षा घ्यायची आहे. कर्ज मंजूर झालं, पण गहाण ठेवायला सोनं नाही, तांब्याचं भांडं नाही. सत्यवती बाहेर गेली आणि दोरी धरून आत आली.

‘येईच है साब,’ ती म्हणाली.

आमचे सेक्रेटरी दस्तगीरसाहेब पूर्वी शाळामास्तर होते, त्यांना प्रत्येक गोष्टीचं हसू येतं. ते म्हणाले, ‘बराबर है. माल है, किंमत है. लिख लो हणमंतराव.’ मी वहीत लिहिलं: बकरी एक, काळी, डावा कान फाटका, दाढी आहे.

खजिनदार हाफिजसाहेब मात्र हसत नाहीत. त्यांना पानातल्या चुन्यातही सूद दिसतो. ते शेळीभोवती एक चक्कर मारून आले आणि म्हणाले, ‘दूद देती?’

‘देती साब. सुबे भी, शाम भी,’ सत्यवती अभिमानानं म्हणाली.

‘फिर पीता कौन?’

शेळी माझं उपरणं चघळत होती.

‘अपन पिये तो सूद,’ हाफिजसाहेब म्हणाले. ‘नै दोहे तो बकरी मरती. मरी तो रहन गया.’ रहन म्हणजे गहाण.

दस्तगीरसाहेबांनी सत्यवतीला सांगितलं, तूच येऊन दूध काढ आणि घेऊन जा. यावर ती रागावली. ‘नक्को साब. गिरवी रखे तो पूरी रखे. दूद निकालके खाली बकरी रखी बोलके लोगां हसते.’ मला म्हणाली, ‘ताता, इसका नाम नल्लम्मा. बैगन के छिलके नक्को दालो.’ ताता म्हणजे तेलगूत आजोबा. मला अजून कोणी विचारलंसुद्धा नव्हतं आणि शेळी माझी झाली होती.

१८ नोव्हेंबर, रविवार

हाफिजसाहेबांनी रात्री किताबं पाहिली. निकाल असा: दूध सत्यवतीचं. पण गहाणातून जे निघतं तेही गहाणच. म्हणून दूधही कर्ज फिटेपर्यंत जपून ठेवायचं.

मी म्हटलं, ‘हाफिजसाहेब, दूध उद्या नासतं.’

त्यांनी लोटा उचलून दुधाचा वास घेतला. मग म्हणाले, ‘नासनार नै ऐसा कुछ करो.’ त्यांची मराठी अशीच आहे.

मी दिवसभर विचार केला. न नासणारी एकच गोष्ट आठवली, तूप.

२१ नोव्हेंबर, बुधवार

तुझी रवी वापरली, आधीच सांगतो. मोडलेली नाही.

दूध काढायला सत्यवतीनं शिकवलं. नल्लम्मानं दोनदा लाथ मारली, एक लोट्याला आणि एक मला. मग मी विरजण लावलं. विरजण मागायला शेजारच्या हिंमतरावांच्या घरी गेलो, तिथं त्यांच्या आईनं अर्धा तास बसवून घेतलं आणि मुकुंदाची चौकशी केली. सकाळी घुसळायला बसलो ते दुपार झाली. शेळीचं लोणी लवकर येत नाही, आणि आलं तर चुन्यासारखं पांढरं येतं. कढवल्यावर वाटीच्या तळाला तूप दिसलं, तेही वाटी तिरकी केल्यावर. ते बरणीत घालून चिठ्ठी चिकटवली: नल्लम्माचं तूप, गहाण.

ताकाचं काय करायचं हा नवा प्रश्न. ताक टिकत नाही. हाफिजसाहेबांनी सत्यवतीला विचारलं. ती म्हणाली, माझ्याकडून गोरगरिबांना वाटा, पुण्य माझं. हाफिजसाहेब एकदम खूश झाले, म्हणाले हे सदका झालं, म्हणजे दान. तेव्हापासून सकाळी अंगणात कर्जासाठी आलेल्या लोकांना ताक मिळतं. मी गरीब नाही म्हणून पीत नाही.

खासगी: लोट्याच्या तळाला राहिलेलं प्यालो. टाकून देणं बरं दिसलं नसतं.

आज नवाब हशमतअली आले होते. हिमायतनगरला राहतात. जहागिरी गेली तरी चालणं अजून नवाबाचं आहे. त्यांनी रमजानच्या आधी एक काळी शेरवानी गहाण ठेवली, गळ्याला जर आहे. आठवड्यातून दोनदा ती ठीक आहे ना हे विचारायला येतात. नेमके मी अंजुमनीच्या चुलीवर भाकरी भाजून जेवायला बसतो तेव्हा. आज माझ्या भाकरीकडे बघून म्हणाले, ‘हणमंतराव, ये जवार की रोटी. इस के बारे में बहोत सुने.’ मी कोर दिली. ते म्हणाले, एका कोरेवरून मत देणं बरोबर नाही. मग पारख करण्यासाठी दोन अख्ख्या भाकरी खाल्ल्या आणि ताक प्याले. थोरामोठ्यांना अशी हौस असते. घरी काही नाही का असं मी सहज विचारलं तर म्हणाले, बावर्ची सुट्टीवर आहे. मेज, खुर्च्या, पलंग सगळं पॉलिशला गेलं आहे, गेल्या वर्षापासून. एवढा वेळ लावणारा पॉलिशवाला कोण आहे, मी असतो तर त्याला दोन शब्द सुनावले असते.

दस्तगीरसाहेब खिडकीतून बघत होते. संध्याकाळी त्यांनी ज्वारीचं पीठ पाठवलं आणि उद्यापासून चार भाकरी जास्त टाका म्हणाले. माझा हात सुधारला असावा.

२५ नोव्हेंबर, रविवार

विशेष काही नाही. शेळीनं माझं धोतर खाल्लं.

२८ नोव्हेंबर, बुधवार

इंदू, आज सगळंच खासगी आहे.

गहाणखोलीला दमट वास येत होता. शेरवानीला बुरशी धरू नये म्हणून मी ती अंगणात दोरीवर टाकली. उन्हात टाकणं म्हणजे वापर नव्हे, हे मी आधी हाफिजसाहेबांना विचारून घेतलं होतं. नल्लम्मा पारिजातकाला बांधलेली होती. मी भाकरी उलटायला आत आलो. बाहेर गेलो तर पारिजातकाला दोरीचा तुकडा होता आणि नल्लम्मा शेरवानीपाशी. उजवी बाही कोपरापर्यंत गेली होती. गळ्याची जर तशीच राहिली, ती तिला आवडली नसावी. दोन बटणं गेली.

मी शेरवानी घडी करून, खाल्लेली बाजू आत घालून, फळीवर सगळ्यात खाली ठेवली. मग तिच्यावर पितळेचं सामान ठेवलं. मग पितळेचं सामान काढलं, कारण शेरवानीवर सामान ठेवणं हा शेरवानीचा वापर होतो.

आज खाल्लं: काही नाही. त्या चार भाकरी लोकांनी खाल्ल्या.

२९ नोव्हेंबर, गुरुवार

दस्तगीरसाहेबांना सांगून टाकलं. मला लपवता येत नाही, हे तुला माहीत आहे. मी बोलायला तोंड उघडलं आणि आधी खुर्चीवर बसलो होतो तेच कबूल करून बसलो. ते म्हणाले, ‘वो कुर्सी का किस्सा हो गया हणमंतराव. आगे बोलो.’

मग शेरवानी दाखवली.

हाफिजसाहेबांनी डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली. ‘रहन ने रहन को खाया,’ ते म्हणाले. ‘ऐसा मसला मैं किसी किताब में नै देखा.’

दस्तगीरसाहेब तोंडावर रुमाल धरून खिडकीकडे वळले. त्यांचे खांदे हलत होते. मला वाटतं त्यांना फार वाईट वाटलं असावं.

‘नवाबसाब का माल बकरी के पेट में है,’ हाफिजसाहेब पुढे म्हणाले, ‘तो अब बकरी किस की? थोडी सत्यवती की, थोडी नवाबसाब की?’

‘मियाँ, कल सुबे तक नवाबसाब का हिस्सा निकल जाता,’ दस्तगीरसाहेब म्हणाले. आणि खरोखरच एक बटण आज संध्याकाळीच मिळालं. कसं ते इंदूसमोर लिहीत नाही. घासून ठेवलं आहे.

मला बाहेर जायला सांगून दोघं बोलत बसले. मी खिडकीखाली नल्लम्माला गवत घालत होतो, मुद्दाम ऐकलं नाही. आधी दोघांचा वाद झाला, हाफिजसाहेब ‘नै, नै’ म्हणत होते. मग दस्तगीरसाहेबांचा आवाज आला, ‘हाफिजसाब, आपईच बोले थे ना. देने वाले की नीयत काफी है. लेने वाले को बताना जरूरी नै.’ मग हाफिजसाहेब म्हणाले, ‘हौ. ये सही है.’

म्हणजे मला काढून टाकायचं ठरलं आहे आणि मला सांगायचंसुद्धा नाही. कामावरून काढलं तर गहाणखोलीची किल्ली जाईल, मग बरकतपुऱ्यात राहायचं कारण उरत नाही. तू परत येऊन तरी काय करशील. मी ट्रंक खाली काढून पुसली.

खासगी: औरंगाबादचं पाणी खरोखर वाईट आहे असं मी कधी म्हणालो नव्हतो. जड आहे एवढंच म्हणालो होतो.

१ डिसेंबर, शनिवार

नवाबसाहेब आले. जेवणाच्या वेळेलाच.

दस्तगीरसाहेबांनी मला शेरवानी आणायला लावली. मी ती दोन्ही हातांनी धरली, म्हणजे एका हाताला बाही होती आणि दुसऱ्या हाताला नव्हती. नवाबसाहेबांनी छडीच्या टोकानं रिकामी बाजू उचलून पाहिली.

‘बाकी आस्तीन?’ त्यांनी विचारलं.

‘पोटात गेली हुजूर,’ मी म्हटलं आणि नल्लम्माकडे बोट दाखवलं.

नवाबसाहेबांनी हात झटकला. ‘छोडो. पुरानी थी. वालिदसाब के जमाने की. दर्जी को देते, नयी बना देता.’

यावर दस्तगीरसाहेब एकदम कडक झाले. इतके कडक मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. ‘छोडो कैसे? आप छोडे तो अंजुमन की इज्जत जाती. कल शहर बोलता, ये लोगां अमानत खा जाते. आप का हक है नवाबसाब. नुकसानी लेना पडता.’

‘हम नै लेते.’

‘फिर मैं इस्तीफा देतूं.’

हाफिजसाहेबही म्हणाले, ‘मैं भी देतूं.’

मीही म्हणणार होतो, पण माझा इस्तीफा आधीच ठरलेला होता.

नवाबसाहेबांनी छडीची मूठ अंगठ्यानं पुसली. मग म्हणाले, ‘तुम लोगां इतना बोलते तो. अंजुमन की इज्जत का सवाल है बोलके.’

हाफिजसाहेब पैसे आणायला उठले, तेव्हा मी एक चूक पाहिली. आमच्याकडे दोन पेट्या आहेत. काळी पेटी रोजच्या देवघेवीची. हिरवी पेटी जकातीची, म्हणजे धर्मदानाची. रमजानमध्ये ऐपतदार लोक तिच्यात जकात टाकतात आणि ज्याच्या घरी खरोखर काही उरलेलं नाही अशालाच ती देतात. हाफिजसाहेबांनी काळ्या पेटीतून थोडं काढलं, आणि मग हिरवी उघडून तिच्यातून भरपूर काढलं, आणि दोन्ही एकाच रुमालात बांधलं. एका बाहीचे एवढे पैसे होत नाहीत, हा वेगळाच प्रश्न. त्यांची नजर कमी झाली आहे. पण सगळ्यांसमोर खजिनदाराची चूक काढणं बरं दिसत नाही, म्हणून मी गप्प राहिलो.

नवाबसाहेबांनी रुमाल न मोजता खिशात ठेवला. सही केली. मग त्यांनी नल्लम्माच्या कपाळावर हात ठेवला आणि गेले. भाकरीची पारख करायला आज थांबले नाहीत.

ते गेल्यावर दस्तगीरसाहेब मला म्हणाले, ‘हणमंतराव, बकरी को गूळ खिलाओ.’

मी विचारलं, तिला गूळ कशाबद्दल.

‘रमजान से कोशिश कर रहे थे हम,’ ते म्हणाले.

‘कसली?’

‘कुछ नै. आप रोटी दालो.’

नुकसान करणाऱ्याला गूळ मिळाला. मला अजून किल्ली मागितलेली नाही. मी स्वतःहून द्यायला गेलो तर हाफिजसाहेब म्हणाले, किल्ली गंजली का, तेल घाला.

५ डिसेंबर, बुधवार

दस्तगीरसाहेबांनी दुधाचा प्रश्न एका जाणत्या मौलवींना विचारला होता. त्यांचं म्हणणं असं: काही आलिमांच्या, म्हणजे धर्मपंडितांच्या, मते गहाण जनावराला जो चारा घालतो, त्यानं चाऱ्यापुरतं दूध प्यावं. म्हणजे इतके दिवस मी चहात घालू शकलो असतो. हे मला तूप कढवून कढवून हाताला चटके बसल्यावर कळलं.

आता चाऱ्यापुरतं म्हणजे किती, यावर बैठक झाली. गवत अंजुमनीचं, पेंड माझी. माझं धोतर चाऱ्यात धरायचं का, हे मी विचारलं. हाफिजसाहेब विचार करून म्हणाले, धुतलेलं असेल तर धरता येईल. धुतलेलं होतं. त्या धोतरावर मला चहापुरतं दूध मिळालं आहे.

मल्लय्यानं नवी रिक्षा आणून दाखवली. मागे तेलगूत काहीतरी लिहिलं आहे, सत्यवतीचं नाव असावं. तो मला म्हणाला, बसा ताता, फिरवून आणतो, पैसे नक्को. मी घाबरलो. अंजुमनीच्या कर्जाची रिक्षा आणि अंजुमनीच्या माणसानं फुकट बसायचं, हा चोख सूद. मी नाही म्हटलं आणि बाजारात पायी निघालो. तर तो रिक्षातून उतरून, हँडल धरून माझ्या बाजूनं चालू लागला. असे आम्ही दोघं काचीगुड्यापर्यंत पायी गेलो, मध्ये रिकामी रिक्षा. तो सांगत होता की आता भाडं द्यावं लागत नाही, सत्यवतीनं मुलीला शाळेत घातलं. लोक वळून बघत होते.

शेरवानी उरली नाही तरी नवाबसाहेब आज आले. नल्लम्माची तब्येत विचारायला. येताना ज्वारीचं पीठ घेऊन आले आणि म्हणाले, आज भाजणार आम्ही. चूल फुंकताना त्यांच्या मिशांना राख लागली. त्यांची भाकरी माझ्यापेक्षा वाईट झाली. मी खाल्ली. घरात पलंग परत आला आहे म्हणतात. पॉलिश कसं झालं विचारलं तर म्हणाले, ठीक.

१२ डिसेंबर, बुधवार

हे आज हिंमतरावांबरोबर पाठवतो. तेच आपले शेजारचे हिंमतराव, रेल्वेतले, मनमाडच्या गाडीवर त्यांची ड्यूटी लागली आहे. ते दारात उभे आहेत आणि मला घाई करत आहेत.

खरं लिही म्हणालीस म्हणून लिहितो. महिना झाला आणि मला जमलं नाही. भात अजून करपतो. धोतर गेलं. शेरवानी गेली. शांतपणे एक दिवस बसलो असेन तर शपथ. सकाळी सत्यवती येऊन मी शेळीला काय घातलं ते तपासते, दुपारी नवाबसाहेब, मग ताकाला माणसं, संध्याकाळी हाफिजसाहेब नवी शंका घेऊन, आणि हिंमतरावांची आई विरजण परत आणलं का म्हणून. असं एकटं राहणं मला कसं जमणार. तू म्हणशील तर येतो, ट्रंक पुसून ठेवली आहे. पाण्याबद्दल काही बोलणार नाही.

पण आत्ताच निघता येणार नाही. अंजुमन जनावरं गहाण घेते अशी बातमी फिरली आहे. काल एका धोब्यानं गाढव आणून बांधलं. त्याच्यावर बसायचं नाही, ओझं लादायचं नाही, ते नुसतं उभं आहे आणि माझ्याकडे बघतं. आणि त्याच्या चार दिवस आधी एक म्हातारी दोन कोंबड्या ठेवून गेली, तिच्या जावयाला शिलाईचं यंत्र घ्यायचं आहे. मांजराच्या भीतीनं कोंबड्या रात्री मी घरी आणतो.

आता ऐक, हे महत्त्वाचं आहे. कोंबडी अंडी घालते. गहाणातून जे निघतं तेही गहाण. अंडी कोंबडीच्या दाण्यापेक्षा जास्त झाली आहेत, म्हणून सगळी खाता येत नाहीत, आणि अंड्याचं तूप होत नाही. कोंबडीला अंड्यांवर बसू दिलं तर पिलं होणार, पिलंही गहाण, ती मोठी होऊन पुन्हा अंडी घालणार. कर्ज आहे तेवढंच, आणि गहाण दुप्पट, चौपट. हाफिजसाहेब म्हणतात हे चक्रवाढ व्याजासारखं दिसतंय. त्यांचं जेवण सुटलं आहे.

तुमच्याकडे माहेरी कोंबड्या होत्या, तुला हे ठाऊक असणार. अंडी किती टिकतात, राखेत ठेवायची की चुन्याच्या पाण्यात, आणि बसलेली कोंबडी उठवायची कशी. मी हात पुढे केला तर टोचते. दस्तगीरसाहेब म्हणतात, भाभींना बोलवा. मी म्हटलं, ते माझ्या हातात नाही, ती बघून ठरवणार आहे.

तर तू यायचं की मी यायचं ते सावकाश ठरव. पण अंड्यांचं उत्तर हिंमतरावांबरोबरच पाठव, ते परवा परतणार आहेत. इंदू, लगेच लिहून घे, सासूबाई चुलीपाशी असल्या तरी उठव. एक कोंबडी माझ्या ट्रंकेत जाऊन बसली आहे आणि हलायला तयार नाही. लवकर कळवा.